मनगटाचे फ्रॅक्चर : प्लेट, तार की प्लास्टर?

पावसाळा सुरू झाला की अस्थिरोग विभागाच्या बाकांवरची गर्दी वाढते. मोरीतल्या ओल्या फरशीवर, अंगणातल्या शेवाळावर, एसटीच्या पायरीवर पाय घसरतो. पडताना माणूस सावरण्यासाठी हात पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. तासाभरात मनगट सुजते, वाकडे दिसू लागते, बोटे हलवायचीही भीती वाटते. एक्स-रे काढला की अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाच्या जरासे मागे मोडलेले दिसते. प्रौढांमध्ये सर्वाधिक मोडणाऱ्या हाडांपैकी हे एक. त्यातही पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांचे प्रमाण मोठे.

त्यानंतरचे संभाषण, रुग्णालय शहरातले असो की तालुक्याचे, बहुधा एकाच वळणाने जाते. मुलगा किंवा जावई विचारतो, ‘‘डॉक्टर, चांगल्यात चांगले काय करता येईल?’’ उत्तर येते, ‘‘प्लेट टाकू.’’ परवडत नसेल तर ‘‘तारा घालू’’ आणि तेही जमत नसेल तर ‘‘प्लास्टर करून बघू.’’ म्हणजे उपचारांची एक उतरंड तयार होते. सर्वांत वर प्लेट, मध्ये तारा, तळाशी प्लास्टर. पैसे असणाऱ्याने वरचे घ्यावे, नसणाऱ्याने खालच्यावर भागवावे. काही घरांत त्यासाठी दागिना गहाण पडतो, काही घरांत उसनवारी होते. ज्या घरातून पैसे उभे राहत नाहीत, तिथल्या मुलाला आपल्यामुळे आईचा हात कायमचा अधू राहणार अशी टोचणी लागते.

ही उतरंडच मुळात चुकीची आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत झालेल्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांनी दाखवून दिले आहे की मनगटाच्या बऱ्याचशा फ्रॅक्चरमध्ये वर्षभरानंतर हात कसा चालतो, हे आत कोणता धातू बसवला यावर अवलंबून नसते. उपचाराची निवड खिशाकडे बघून नव्हे, हाड कसे मोडले आहे ते बघून व्हायला हवी. आणि हे रुग्णाला शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी कळायला हवे.

तीन मार्ग

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. त्यातले अंगठ्याच्या बाजूचे हाड म्हणजे रेडियस. मनगटाजवळ ते रुंद होते आणि आतून जाळीदार, ठिसूळ असते. पसरलेल्या तळहातावर पडल्यावर त्याचा मनगटाकडचा तुकडा बहुधा मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे झुकतो. बाजूने पाहिल्यास हात जेवणाच्या काट्यासारखा दिसतो. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या फ्रॅक्चरचे वर्णन केले म्हणून त्याला आजही ‘कॉलिस फ्रॅक्चर’ म्हणतात. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे कॉलिस यांनी हे सारे केवळ बोटांनी चाचपून, नजरेने पाहून लिहिले. हात थोडा बेढब राहिला तरी काळाने पुन्हा मोकळेपणाने चालू लागतो, हे निरीक्षणही त्यांनी त्याच लेखात नोंदवून ठेवले होते.

तुकडा सरकलेला असेल तर पहिले काम म्हणजे भूल देऊन, हात ओढून तो जागेवर बसवणे. प्रश्न येतो तो त्यानंतर. हाड जुळेपर्यंत पाच-सहा आठवडे त्याला तिथेच धरून कसे ठेवायचे?

पहिला मार्ग प्लास्टरचा. नुसते गुंडाळलेले नव्हे, तर नेमक्या ठिकाणी दाब देऊन हाताच्या आकारात घडवलेले प्लास्टर.

दुसरा मार्ग तारांचा. मार्टिन किर्शनर या जर्मन शल्यचिकित्सकांनी १९०९ मध्ये हाडाच्या उपचारात आणलेल्या या तारा आज ‘के-वायर’ नावाने ओळखल्या जातात. हातावर चीर न देता, सी-आर्मच्या पडद्यावर पाहत, त्वचेतूनच दोन किंवा तीन पोलादी तारा तुकड्यातून हाडात घातल्या जातात. जाडी साधारण दीड मिलिमीटर. वरून प्लास्टर असते. हाड जुळले की तारा बाह्यरुग्ण विभागात, बहुधा भूल न देताच काढल्या जातात.

तिसरा मार्ग प्लेटचा. मनगटाच्या आतल्या, म्हणजे तळहाताच्या बाजूने चीर देऊन, स्नायू बाजूला करून हाडावर धातूची पट्टी बसवतात. तिच्या स्क्रूंच्या डोक्यांनाही आटे असतात. ते पट्टीत घट्ट बसतात, त्यामुळे ठिसूळ हाडातही पकड राहते. म्हणून तिला ‘लॉकिंग प्लेट’ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच मनगट हलवता येते, हा तिचा मोठा फायदा.

एक्स-रेची भुरळ

या लॉकिंग प्लेट २००० सालानंतर झपाट्याने लोकप्रिय झाल्या. त्याला कारणही होते. प्लेट बसवल्यानंतरचा एक्स-रे पाहण्यासारखा असतो. तुकडा अंशाअंशाने मोजून जागेवर, स्क्रू ओळीत, सांधा सपाट. शल्यचिकित्सकाला समाधान, नातेवाइकांना पैसे वसूल झाल्याची खात्री. त्यापुढे तारांचा एक्स-रे जुन्या छत्रीच्या काड्यांसारखा दिसतो आणि प्लास्टरमधल्या हाडाचा त्याहून ओबडधोबड.

या सगळ्यात एक गृहीतक दडलेले होते. एक्स-रे जितका सुबक, तितका हात चांगला. तरुण, कष्टाची कामे करणाऱ्या माणसाच्या बाबतीत, विशेषतः सांध्याचा पृष्ठभाग दुभंगला असेल तेव्हा, या म्हणण्यात तथ्य आहे. पण सरसकट सगळ्यांना ते लागू पडते का, हे कोणी मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिले नव्हते. नवे तंत्र आधी रुळले, त्याची परीक्षा नंतर झाली. वैद्यकशास्त्रात असे अनेकदा घडते.

४६१ मनगटांची परीक्षा

ही परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. तिथल्या सरकारी निधीतून, वॉरिक विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने आणि अस्थिशल्यचिकित्सक मॅथ्यू कोस्टा यांच्या नेतृत्वाखाली ‘ड्राफ्ट’ नावाची चाचणी घेण्यात आली. १८ रुग्णालयांतले ४६१ प्रौढ रुग्ण त्यात सहभागी झाले. सगळ्यांचे मनगटाचे हाड मागे सरकलेले होते आणि शस्त्रक्रिया करावी असे डॉक्टरांचे मत होते. कोणाला तारा आणि कोणाला प्लेट, हे डॉक्टरने किंवा रुग्णाने ठरवले नाही. ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. त्यामुळे दोन्ही गटांत म्हातारे-तरुण, धडधाकट-आजारी असे सगळे सारख्या प्रमाणात आले. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या चाचणीने मोजले काय, हे महत्त्वाचे. मुख्य मोजमाप एक्स-रेवरच्या अंशांचे नव्हते. रुग्णाला एक प्रश्नावली दिली गेली. दुखते किती? दाराची मूठ फिरवता येते का? शर्टाची बटणे लावता येतात का? खुर्चीवरून हात टेकून उठता येते का? जड वस्तू उचलता येते का? उत्तरांवरून शून्य ते शंभर असे गुण दिले. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, शंभर म्हणजे पराकोटीचा त्रास. सहा गुणांचा फरक पडला तरच रुग्णाला तो जाणवेल, असे आधीच ठरवलेले होते.

वर्षभरानंतर तारांच्या गटाचे सरासरी गुण होते १५.३ आणि प्लेटच्या गटाचे १३.९. म्हणजे फरक जेमतेम दीड गुणाचा. रुग्णाला जाणवेल त्याच्या पाव हिश्शाएवढा, आणि तोही केवळ योगायोगाने आलेला असू शकेल असा. पाच वर्षांनंतर पुन्हा पाहिले तेव्हाही चित्र तेच होते. खर्चात मात्र फरक स्पष्ट होता. प्लेटचा उपचार दर रुग्णामागे सुमारे ७०० पौंडांनी महाग पडला आणि शस्त्रक्रियेला वेळही अधिक लागला.

ब्रिटनमध्ये यानंतर तारांचा वापर वाढला, प्लेटचा कमी झाला. २०१६ मध्ये तिथल्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने सांगितले की हाड न उघडता जागेवर बसत असेल तर तारा वापराव्यात. तसे बसत नसेल तर उघडून प्लेट बसवण्याचा विचार करावा.

प्लास्टरची बाजू

मग पुढचा प्रश्न साहजिकच आला. तारा तरी हव्यात का? त्याच संशोधकांनी ‘ड्राफ्ट-२’ ही दुसरी चाचणी घेतली. ३६ रुग्णालये, ५०० रुग्ण. भूल देऊन हाड जागेवर बसवल्यावर एका गटाला तारा घातल्या, दुसऱ्या गटाला फक्त घडवलेले प्लास्टर. २०२२ मध्ये आलेले उत्तर पुन्हा तसेच. वर्षभरानंतर तारांच्या गटाचे गुण २०.७ आणि प्लास्टरच्या गटाचे २१.२.

पण इथे एक आकडा डोळ्यांआड करता येणार नाही. प्लास्टरच्या गटातल्या ३३ जणांचे, म्हणजे सुमारे १३ टक्के रुग्णांचे हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकले आणि त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. तारांच्या गटात दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागली ती एकाच रुग्णाला. याचा अर्थ कोण कसा लावेल, हे ज्याच्या-त्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. एक जण म्हणेल, आठातल्या सात जणांचे काम नुसत्या प्लास्टरवर भागले, मग तारा कशाला? दुसरा म्हणेल, पुन्हा रुग्णालयात येणे, पुन्हा भूल, पुन्हा रजा मला झेपणार नाही, एकदाच काय ते करून टाका. दोघांचेही बरोबर. पण निवडायचे तर हा आकडा दोघांनाही माहीत असला पाहिजे.

वयस्कर रुग्णांबाबत तर पुरावा आणखी एकमुखी आहे. ऑस्ट्रियात ६५ वर्षांवरील ७३ रुग्णांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर प्लेट आणि प्लास्टर या गटांत हाताच्या हालचालीत किंवा कामात लक्षणीय फरक नव्हता. पकडीची ताकद प्लेटच्या गटात जास्त होती, पण गुंतागुंतीही त्याच गटात अधिक झाल्या. अमेरिका, कॅनडा आणि सिंगापूरमधल्या ‘रिस्ट’ या चाचणीत साठीपुढच्या रुग्णांना प्लेट, तारा आणि बाहेरून बसवायची चौकट यांपैकी एक चिठ्ठी पद्धतीने देण्यात आले. शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्यांना प्लास्टर घातले. वर्षभराने सगळ्यांचे हात जवळपास सारखेच चालत होते. प्लास्टरच्या गटात हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण सर्वाधिक होते, तरीही!

हे ‘तरीही’ महत्त्वाचे आहे. एक्स-रे वाकडा असूनही हात चालतो, हे कॉलिस यांनी दोनशे वर्षांपूर्वी सांगितले होते. वयस्कर माणसाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरले. मनगटाचे हाड किंचित झुकलेले राहिले तर मनगट थोडे बेढब दिसते, पण भात कालवणे, केस विंचरणे, पिशवी उचलणे अडत नाही.

अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीनेही २०२० मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत हे मान्य केले. ६५ वर्षांवरील रुग्णांत शस्त्रक्रियेमुळे दीर्घकालीन लाभ होतो असे दिसत नाही, आणि शस्त्रक्रिया करायचीच झाली तर वेगवेगळ्या पद्धतींच्या अंतिम निकालात फारसा फरक नाही, फक्त प्लेटमुळे पहिल्या तीन महिन्यांत हात लवकर कामाला लागतो.

प्लेट कुठे हवीच

याचा अर्थ प्लेट निरुपयोगी आहे असा कोणी काढला तर ते पहिल्या चुकीइतकेच चुकीचे होईल. ‘ड्राफ्ट’ चाचणीत काही रुग्ण मुद्दामच घेतले नव्हते. ज्यांच्या सांध्याचा पृष्ठभाग तुटून विस्कटला होता आणि बाहेरून ओढून तो जुळत नव्हता, ते त्यात नव्हते. अशा फ्रॅक्चरमध्ये सांधा उघडून, तुकडे जुळवून, प्लेटने धरावे लागतात. नाही तर पुढे सांध्याची झीज होऊन दुखणे कायमचे मागे लागू शकते. ज्या फ्रॅक्चरमध्ये तुकडा मागे न जाता पुढे, तळहाताकडे सरकतो, तिथेही प्लास्टर किंवा तारांची पकड टिकत नाही. प्लेटचाच आधार लागतो. मोटारसायकलच्या अपघातात चुरा झालेले तरुण मनगट आणि मोरीत घसरलेल्या आजींचे मनगट यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

लवकर कामाला लागण्याचा मुद्दाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्या-मुंबईतल्या पगारी माणसाला सहा आठवड्यांची रजा मिळते. भाजीची हातगाडी लावणाऱ्या बाईला, शिवणकाम करणाऱ्याला, रिक्षा चालवणाऱ्याला ती कोण देणार? त्यांच्या दृष्टीने वर्षभरानंतरच्या सारखेपणापेक्षा दुसऱ्या महिन्यातला फरक मोठा असू शकतो. तेव्हा एखाद्या कष्टकऱ्याने सगळे समजून प्लेट निवडली तर ती चैन नव्हे, तो त्याचा हिशेब आहे. फक्त हिशेबाच्या दोन्ही बाजू त्याच्यासमोर मांडायला हव्यात. एका पारड्यात लवकर सुटका. दुसऱ्या पारड्यात इम्प्लांटचा खर्च, चीर, आणि क्वचित का होईना, प्लेट किंवा स्क्रू घासून बोटांच्या किंवा अंगठ्याच्या कंडरा तुटण्याचा आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून प्लेट काढावी लागण्याचा धोका.

तारांचेही दोष आहेत. त्वचेबाहेर राहिलेल्या टोकांपाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो, अंगठ्याकडे जाणारी त्वचेची नस दुखावली जाऊ शकते, फार ठिसूळ हाडात पकड सैल होऊ शकते.

तिथले उत्तर इथे लागू पडते का?

कोणतीही परदेशी चाचणी जशीच्या तशी इथे उचलून आणणे शहाणपणाचे नाही. ब्रिटनमधल्या रुग्णाला ठरलेल्या दिवशी पुन्हा बोलावले जाते, तपासणी आणि एक्स-रेचे पैसे पडत नाहीत. मेळघाटातल्या किंवा कोकणातल्या वाडीवरच्या माणसाला जिल्हा रुग्णालय गाठायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, भाडे वेगळे. प्लास्टरचा उपचार तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या तपासणीवरच उभा असतो. सूज उतरली की प्लास्टर सैल होते आणि हाड हळूच सरकते. आठवड्याने आणि पुन्हा दोन आठवड्यांनी एक्स-रे काढला तरच ते कळते. कळले तर वेळेत सुधारता येते. रुग्ण एकदम दीड महिन्याने आला तर हाड वाकडे जुळून गेलेले असते. तारा घातलेल्या माणसाने शेणामातीत, चिखलात, पाण्यात हात घातला तर संसर्गाचा धोका वाढतो. त्याला आधी नीट समजावून सांगावे लागते आणि तारा काढण्यासाठी तो परत येईल याची व्यवस्था करावी लागते.

प्रश्नावलीचेही तसेच. जमिनीवर बसून उठताना हात टेकणे, पोळ्या लाटणे, कपडे पिळणे, खुरपणे, उखळात कुटणे यांबद्दल त्या मूळ प्रश्नावलीत काही नाही. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या मनगटावर पडतो त्यापेक्षा जमिनीवर बसणाऱ्याच्या मनगटावर पडणारा ताण वेगळा असतो. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मनगटाच्या फ्रॅक्चरचे रुग्ण सतत येतात. त्यांच्या बाबतीत हेच प्रश्न आपल्या भाषेत, आपल्या कामांच्या संदर्भात विचारून पाहण्याचे काम इथेच व्हायला हवे.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. हाडाला पासपोर्ट नसतो. जाळीदार हाड मोडते कसे आणि जुळते कसे, हे डब्लिनमध्ये आणि धुळ्यात वेगळे नाही. म्हणून या चाचण्यांचा मुख्य निष्कर्ष इथेही ग्राह्य धरायला हवा. हाड न उघडता जागेवर बसत असेल, तर ‘प्लेट नाही म्हणजे हात गेला’ असे रुग्णाला सांगण्याला आधार नाही. उलट प्लेटच हवी असे म्हणणाऱ्याने त्याचे कारण दाखवले पाहिजे.

हाडवैद्याकडे जाऊन घट्ट बांबूच्या कामट्या बांधून घेणे हा मात्र चौथा पर्याय नव्हे. सुजलेल्या हातावर आवळून बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा अडतो. बोटे काळीनिळी पडतात, कधी कायमची आखडतात. शस्त्रक्रियेचा खर्च परवडत नाही म्हणून माणूस तिकडे वळतो, तेव्हा रुग्णालयातला स्वस्त पर्याय त्याला कमी प्रतीचा म्हणून सांगितला गेला असेल तर त्या वळण्याचा थोडा दोष रुग्णालयाकडेही जातो.

पैशाचा प्रश्न

तारेची किंमत प्लेटच्या मानाने नगण्य असते. प्लेटची किंमत काही हजारांपासून पुढे जाते आणि कंपनीनुसार, रुग्णालयानुसार बदलते. ज्या वस्तूत नफा नाही तिची जाहिरात कोणी करत नाही, तिच्यावर परिसंवाद भरवत नाही. शिवाय बहुतेक आरोग्य विमे रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या उपचाराचे पैसे देतात. बाह्यरुग्ण विभागात केलेल्या प्लास्टरचे पैसे बहुधा खिशातूनच जातात. म्हणजे विमा असलेल्याला शस्त्रक्रिया ‘फुकट’ आणि प्लास्टर विकतचे वाटते. कोणीही मुद्दाम फसवत नसतानाही सगळी व्यवस्था निर्णयाला एका दिशेने ढकलत राहते. हृदयातल्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली. पण किंमत कितीही कमी केली तरी गरज नसलेली वस्तू महागच पडते. म्हणून किमतीच्या आधीचा प्रश्न गरजेचा आहे.

तरुण डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचाही इथे संबंध आहे. हाड ओढून जागेवर बसवणे आणि दाब देऊन प्लास्टर घडवणे ही हातची विद्या आहे. ती पुस्तकात वाचून येत नाही. प्लास्टरच्या खोलीत वरिष्ठांसोबत उभे राहून येते. प्रत्येक मनगटाला प्लेट हाच रिवाज पडला तर ही विद्या एका पिढीत विसरली जाईल. मग प्लास्टर खरोखरच वाईट उपचार ठरेल, कारण ते नीट घालणारे हात उरलेले नसतील. ‘ड्राफ्ट-२’मधले प्लास्टर जमले ते घडवलेले होते म्हणून.

सही करण्याआधी

रुग्णाने किंवा नातेवाइकांनी डॉक्टरला चार प्रश्न विचारावेत. हाड न उघडता जागेवर बसते आहे का? फ्रॅक्चर सांध्यात गेले आहे का, आणि गेले असेल तर सांध्याचा पृष्ठभाग किती सरकला आहे? या वयाला आणि या कामाला प्लेटमुळे नेमका काय फायदा होईल? प्लास्टर किंवा तारा निवडल्या तर कोणत्या दिवशी एक्स-रेसाठी यायचे आणि हाड सरकले तर पुढे काय करायचे? हे प्रश्न अविश्वासाचे नाहीत. चांगल्या डॉक्टरला ते आवडतात. ‘‘चांगल्यात चांगले काय?’’ यापेक्षा ‘‘आमच्या आईला योग्य काय?’’ हा प्रश्न केव्हाही बरा.

डॉक्टरांनीही आपली भाषा बदलायला हवी. ‘परवडत नसेल तर’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य ऐकले की पुढचा उपचार दुय्यम आहे हे रुग्ण मनात पक्के करतो. त्याऐवजी ‘तुमच्या फ्रॅक्चरला तारा पुरतील आणि वर्षभराने हात प्लेटइतकाच चालेल’ असे सरळ सांगता येते. ते खरे आहे, आणि त्याने एखाद्या घराचे कर्ज वाचते.

प्लेट, तार की प्लास्टर या चर्चेत दोन गोष्टी हमखास मागे पडतात. पहिली म्हणजे बोटांची आणि खांद्याची हालचाल. उपचार कोणताही असो, त्याच दिवसापासून बोटे पूर्ण मिटणे-उघडणे आणि खांदा वर उचलणे सुरू करावे लागते. हात गळ्यात अडकवून सहा आठवडे निपचित ठेवला तर हाड जुळते, पण बोटे आखडतात आणि खांदा धरतो. अशा हाताला सर्वांत महागडी प्लेटही वाचवू शकत नाही. आणि प्लास्टरमध्ये बोटे बधिर, थंड किंवा निळी पडली, वेदना वाढतच गेल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

दुसरी गोष्ट हाडांच्या ठिसूळपणाची. पन्नाशीनंतर साध्या घसरण्याने मनगट मोडले तर तो केवळ अपघात नसतो, हाडे विरळ होत चालल्याचा तो पहिला इशारा असू शकतो. दहा-पंधरा वर्षांनी याच माणसाचा खुबा मोडू शकतो, आणि खुब्याचे फ्रॅक्चर अनेक वृद्धांना अंथरुणावरून उठू देत नाही. तरीही मनगटाचे प्लास्टर निघाले की रुग्ण घरी जातो. हाडांची घनता तपासली जात नाही, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची चौकशी होत नाही, ठिसूळपणावरचे औषध सुरू होत नाही, मोरीतली फरशीही तशीच निसरडी राहते. गरज नसलेल्या प्लेटवर खर्च होणाऱ्या पैशांत ही तपासणी, काही महिन्यांची औषधे आणि मोरीत धरायला एक दांडा, एवढे सगळे बसते.

प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने मनगटाच्या फ्रॅक्चरसाठी मराठीत एका पानाची माहिती छापावी. तीन पर्याय, प्रत्येकाचे फायदे-तोटे, परत येण्याच्या तारखा, बोटांचे व्यायाम आणि हाडांच्या तपासणीचा सल्ला, एवढेच त्यात असावे. ते पान शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, एक्स-रे हातात पडतो तेव्हाच रुग्णाला मिळावे. त्याला छपाईचा खर्च सोडला तर काही लागत नाही.